निराधारचे पैसे नेमके पडतात कुठे?

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांत संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना, या दोन्हींना मिळून एकच नाव आहे: निराधारचे पैसे. निराधार योजना सुरू झाली १९८० साली, रायगडचेच बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना. पूर्वी हे पैसे शासनाकडून अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयात, तिथून तहसीलला आणि तहसीलच्या यादीबरोबर बँकेत जात. यादीत ज्या खात्याचा नंबर, त्यात रक्कम जमा. डिसेंबर २०२४पासून शासनाने ही पद्धत बदलली. आता पैसे डीबीटीने, म्हणजे राज्याच्या पोर्टलवरून आधार क्रमांकाच्या आधारे थेट खात्यात जातात.

या बदलाने योजना बदलली नाही की पात्रता. बदलली ती फक्त पैशाची वाट. तरीही ‘पैसे बंद झाले’ ही ओरड तेव्हापासून वाढली, आणि तिच्या मुळाशी बहुतेक वेळा पुढच्यापैकी एखादा गैरसमज असतो.

गैरसमज: पैसे आले नाहीत, म्हणजे नाव कटलं.

वस्तुस्थिती: मंजुरी, रवानगी आणि जमा या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. नाव मंजूर यादीत आहे की नाही, हे तहसील कार्यालयातली संजय गांधी शाखा सांगते. या महिन्याची रक्कम पाठवली का, आणि पाठवूनही ती परत आली का, हे पोर्टलवर दिसतं. तेही तिथेच विचारायचं. रक्कम कोणत्या खात्यात पडली, हे सांगणं मात्र बँकेचं काम. नाव यादीत असून पैसे अडकण्याची कारणं साधी असतात: आधार पोर्टलवर चढलेलं नाही, आधारवरचं नाव आणि योजनेतलं नाव जुळत नाही, खात्याला आधार जोडलेलं नाही किंवा खातंच बंद पडलं आहे. यातलं काहीही दुरुस्त करता येतं, त्यासाठी नव्याने अर्ज करावा लागत नाही.

गैरसमज: माझ्या पासबुकाला आधार लिंक आहे, म्हणजे पैसे त्यातच येणार.

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. केवायसीसाठी बँकेत आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि डीबीटीसाठी आधार ‘सीडिंग’ करणं वेगळं. एका माणसाची चार बँकांत खाती असू शकतात, चारही ठिकाणी आधार दिलेलं असू शकतं. पण सरकारी पैसे घेण्यासाठी एनपीसीआयच्या, म्हणजे राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदीत एका आधारपुढे एका वेळी एकच बँक असते. सर्वांत शेवटी ज्या बँकेने संमती घेऊन सीडिंग केलं, ती.

समजा, कशेळे भागातल्या एका वाडीवरच्या आजींचं जुनं खातं कर्जतच्या बँकेत आहे. मध्यंतरी दारात आलेल्या पोस्टमनने मशीनवर अंगठा घेऊन इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडून दिलं आणि त्याच वेळी डीबीटीची संमतीही घेतली गेली. आजी दर महिन्याला जुनंच पासबुक घेऊन कर्जतला खेपा घालतात.

“आजी, यात काहीच जमा नाही.”

“मंग माझं पैसं गेलं कुठं, भाऊ?”

पैसे कुठेही गेलेले नसतात. ते पोस्टाच्या त्या खात्यात महिन्यामागून महिना साचत असतात. अंगठ्याच्या मशीनवर पैसे काढतानाही हाच प्रकार होतो: मशीन आधी बँकेचं नाव विचारतं, पैसे काढून देणारा केंद्रचालक सवयीने जुनी बँक निवडतो आणि पडद्यावर शिल्लक शून्य दिसते.

आपल्या आधारपुढे कोणती बँक लागली आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये पाहता येतं, त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मोबाइल जोडलेला नसेल तर बँकेत किंवा पोस्टात विचारावं. पैसे आवडीच्या बँकेत हवे असतील तर त्या शाखेत आधार सीडिंगचा, म्हणजे डीबीटी संमतीचा फॉर्म भरून द्यावा. बदल पुढच्या हप्त्यांना लागू होतो. आधी जमा झालेली रक्कम मात्र त्या दुसऱ्या खात्यातूनच काढावी लागते.

गैरसमज: दोनशेच रुपये आले, बाकीचे मधल्यांनी खाल्ले.

वस्तुस्थिती: जुलै २०२३पासून दोन्ही योजनांचं अनुदान दरमहा १५०० रुपये आहे. मात्र दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांच्या बाबतीत यात केंद्र सरकारच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा वाटा मिसळलेला असतो: ७९ वर्षांपर्यंत २०० आणि ८० वर्षांपासून ५०० रुपये. उरलेले १३०० किंवा १००० राज्याचे. विधवा आणि दिव्यांगांच्या केंद्रीय योजनांत ७९ वर्षांपर्यंत केंद्राचा वाटा ३०० रुपयांचा. हे दोन वाटे दोन वेगळ्या तारखांना, दोन वेगळ्या नोंदींनी पडू शकतात. म्हणून मोबाइलवरच्या एका मेसेजवर निष्कर्ष काढू नये. पासबुक भरून घ्यावं आणि तीन-चार महिन्यांची बेरीज करावी. थकलेले महिने एकदम जमा झाले तर रक्कम मोठी दिसते, ती वाढ नसते. खरी वाढ झाली ती दिव्यांग लाभार्थ्यांना: ऑक्टोबर २०२५पासून त्यांचं अनुदान २५०० रुपये झालं. शेजारच्या दिव्यांगाला २५०० आणि आपल्याला १५००, यात कुणावर अन्याय झालेला नाही.

गैरसमज: अंगठा उमटत नाही, म्हणजे पैसे मिळणार नाहीत.

वस्तुस्थिती: पैसे जमा व्हायला अंगठा लागत नाही, मशीनवर काढायला लागतो. वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर आयुष्य गेलेल्या कातकरी बायाबापड्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या असतात; मशीन दहादा ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतं. अशा वेळी पासबुक घेऊन शाखेत जावं आणि स्लिप भरून पैसे काढावेत. आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने घेता येतात, तेही करून ठेवावं.

गैरसमज: निराधारचे १५०० आणि लाडक्या बहिणीचे १५००, दोन्ही मिळतात.

वस्तुस्थिती: नाही. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ ही २०२४ची योजना २१ ते ६५ वयाच्या महिलांसाठी आहे, आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १५०० किंवा अधिक मिळत असतील तर ती लागू होत नाही. त्यामुळे निराधार योजनेतल्या विधवेचं नाव लाडक्या बहिणीतून वगळलं गेलं, तर तिचं निराधारचं अनुदान बंद झालं असा अर्थ होत नाही. उत्पन्नाची अटही वेगळी आहे. लाडक्या बहिणीला कुटुंबाची मर्यादा अडीच लाखांची. निराधारला वर्षाला २१ हजारांची, दिव्यांगांसाठी ५० हजारांची. एका योजनेचा दाखला दुसरीला चालेल, असं गृहीत धरू नये.

गैरसमज: भट्टीवर गेलो की पैसे बंद होतात.

वस्तुस्थिती: दिवाळीनंतर भट्टीच्या कामासाठी कुटुंबं बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. एवढ्यावरून अनुदान थांबत नाही. आधारने पैसे भारतात कुठेही काढता येतात. मात्र लाभार्थी हयात असल्याची पडताळणी दरवर्षी होते. ती नेमकी या गैरहजेरीत चुकली तर अनुदान रोखलं जातं. बाहेर पडण्याआधी तहसीलला किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या जुन्या तलाठी भाऊसाहेबांना विचारून ती उरकावी. दुसरी गोष्ट खात्याची. दोन वर्षं खातं वापरातच नसलं तर ते निष्क्रिय होऊ शकतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते पुन्हा चालू करायला बँक शुल्क घेऊ शकत नाही. केवायसीची कागदपत्रं पुरतात.

गैरसमज: पासष्टी झाली की निराधार संपलं.

वस्तुस्थिती: संजय गांधी योजना ६५ वर्षांपर्यंत आहे. पुढे त्याच माणसाचं नाव श्रावणबाळमध्ये जातं. वर्ग होताना खंड पडला तर वयाचा पुरावा घेऊन तहसीलला जावं.

गैरसमज: हजार-दोन हजार दिले की फाइल लवकर सुटते.

वस्तुस्थिती: अर्जाला मंजुरी तालुका समिती देते आणि पैसे पोर्टलवरून जातात, दलालाच्या हातात यातलं काहीच नाही. ‘केवायसी संपली, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी. केंद्रावर पैसे काढताना छापील पावती मागावी आणि हातात आलेली रक्कम तिच्याशी ताडून पाहावी.

पैसे थांबल्यावर तहसीलला जाताना मंजुरीपत्र, आधार आणि भरून घेतलेलं पासबुक बरोबर न्यावं. ‘पैसे का आले नाहीत?’ असं मोघम विचारलं की ‘येतील’ असं मोघमच उत्तर मिळतं. त्याऐवजी क्रमाने विचारावं: माझं नाव चालू यादीत आहे का? शेवटची रक्कम कोणत्या महिन्याची पाठवली? ती कोणत्या बँकेत गेली की परत आली? काही दुरुस्ती करायची असेल तर तोंडी सांगून परत फिरू नये. लेखी अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. पुढच्या खेपेला साहेब बदललेले असले, तरी त्या शिक्क्याच्या आधारे विचारणा पुढे नेता येते.