बॉडी बदलण्याआधी लेन्स बघा

वरवट बकालसारख्या गावात फोटोग्राफी शिकणाऱ्याची सुरुवात बहुधा साध्या डीएसएलआरवर होते. कॅननचा १५००डी किंवा निकॉनचा डी३५००, आणि सोबत आलेली १८-५५ची किट लेन्स. नात्यातली लग्नं, साखरपुडे, वाढदिवस काढून हाती चार पैसे आले, की मिररलेस खुणावू लागतो. जुना विकून नवा घ्यावा का? त्याआधी स्वतःला एकच विचारावं : आत्ताच्या कॅमेऱ्यावर नेमका कोणता फोटो बिघडतो?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : मंगल कार्यालयातला, संध्याकाळचा. चेहरे हललेले येतात, अंधाऱ्या भागात दाणे दिसतात. दोष कॅमेऱ्यावर जातो, पण अडतं ते बहुधा लेन्सपाशी. किट लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६च्या पुढे उघडत नाही. ५० मिमी एफ १.८ लेन्स तिच्या नऊपटीहून जास्त प्रकाश आत घेते. म्हणजे तेवढ्याच आयएसओवर जिथे शटर १/१५ सेकंदावर अडकत होतं, तिथे ते १/१२५वर जातं. अक्षता टाकणारा हात पुसट येणार की स्पष्ट, हे या फरकावर ठरतं. नव्या बॉडीवर पुन्हा किट लेन्सच लावली, तर अडचण बरीचशी तशीच राहते. विहीर कोरडी असताना मोटार बदलून पाणी येत नाही.

लेन्स घेताना निकॉनवाल्यांनी एक गोष्ट पाहावी. डी३५००च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. स्वस्तात मिळणारी जुनी ‘एएफ-डी’ लेन्स त्यावर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. त्यामुळे ‘एएफ-एस’ लेन्सच मागावी.

दुसरा खर्च फ्लॅशचा. पांढऱ्या छतावर मारलेला फ्लॅश चेहऱ्यावर मऊ उतरतो. मांडवात मात्र वर लाल-पिवळं कापड असतं आणि त्याचाच रंग नवरीच्या चेहऱ्यावर येतो. तिथे फ्लॅशला पांढरं कार्ड लावून प्रकाश पुढे वळवावा. फोटोत आडवे पट्टे येत असतील, तर तो बहुधा दिव्यांचा खेळ असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/१०० किंवा १/५०वर आणलं, की असे पट्टे बहुधा जातात. त्याला पैसे लागत नाहीत.

मेगापिक्सेलचा मोहही तपासून घ्यावा. १८वरून २४ मेगापिक्सेलवर गेलं, तरी फोटोची प्रत्येक बाजू जेमतेम १५ टक्क्यांनी वाढते. करिझ्मा अल्बमचं १२ बाय १८ इंचांचं पान ३०० डीपीआयने छापायला साधारण साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात. १५००डी आणि डी३५०० दोन्ही २४चे आहेत. अल्बमपुरते ते पुरून उरतात.

मग बॉडी बदलावी कधी? कारणं खरी आहेत, पण मोजकी. १५००डीमध्ये फोकसचे ९च बिंदू आहेत, तेही मधल्या भागात. नवे मिररलेस फ्रेमच्या जवळजवळ कुठल्याही कोपऱ्यात डोळा ओळखून त्याचा पाठलाग करतात. वरातीत नाचणारी माणसं रोज टिपायची असतील, तर हा फरक मोठा आहे. गिऱ्हाईक ४के व्हिडिओ मागत असेल, तर १५००डी फुल एचडीवरच थांबतो.

तिसरं कारण दोन मेमरी कार्डांचं. अंतरपाट एकदाच दूर होतो, आणि कार्ड गेलं तर तो क्षण परत काढता येत नाही. पण इथे ‘नवा’ या शब्दावर जाऊ नये. कॅननचा आर५० आणि निकॉनचा झेड५० हे मिररलेस एकाच कार्डाचे आहेत. निकॉनच्या २०१५च्या डी७२००मध्ये दोन कार्डं बसतात, तर २०१७च्या डी७५००मध्ये एकच. माइकचंही तसंच : निकॉनच्या डी३३००ला माइकची पिन लावता येत होती, त्यानंतर आलेल्या डी३४००मधून ती सोय काढून टाकली गेली.

सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरवा अभयारण्यात प्राणी टिपायचे असतील, तरी हिशेब तोच. दूरवरचं अस्वल ५५ मिमीवर ठिपक्याएवढंच दिसणार, बॉडी कितीही महाग असो. तिथे ७०-३००ची लेन्स आधी. कॅननवाल्यांना एक दिलासा आहे. ईएफ लेन्सा अडॅप्टर लावून त्यांच्या नव्या आरएफ मिररलेसवर चालतात, म्हणजे आज लेन्सवर घातलेला पैसा उद्याही कामी येतो.

अकोल्यात जन्मलेले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांना २०१६मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची ओळख झाली ती मुंबईच्या सफाई कामगारांच्या कृष्णधवल छायाचित्रांनी. त्या फोटोंचं बळ त्या माणसांपर्यंत पोचण्यात आहे. ते कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवावा : आधी मॅन्युअल मोड आणि रॉ फाइल शिकणं, मग ५० मिमी, मग फ्लॅश, शेवटी बॉडी. त्यानंतरही नवा कॅमेरा घ्यावासा वाटला, तर तो आधी एका लग्नापुरता भाड्याने आणावा आणि दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो शेजारी ठेवून घरच्यांना दाखवावेत. कोणता कशाचा हे त्यांना सांगता आलं नाही, तर पैसे बँकेतच राहू द्यावेत.