वैनगंगेची रेती आणि बेटांचा जन्म

मोहाडी (जि. भंडारा) : समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मोहाडी तालुक्याचा द्वीपसमूहांशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. मात्र पावसाळा सरल्यावर वैनगंगेच्या पात्रात उघडी पडणारी रेतीची बेटे पाहिली, की उत्तराचा धागा हाती लागतो.

एकमेकांजवळ असलेल्या आणि बहुधा एकाच प्रक्रियेतून निर्माण झालेल्या बेटांच्या गटास द्वीपसमूह म्हणतात. ही प्रक्रिया सर्वत्र सारखी नसते. अंदमान-निकोबार हा म्यानमारमधील आराकान पर्वतरांगेचा समुद्रात बुडालेला विस्तार होय. भारतीय भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली सरकत असल्याने ही रांग उचलली गेली. तेथील बॅरन बेटावर जागृत ज्वालामुखी आहे. लक्षद्वीपची बेटे मात्र प्रवाळांनी घडविली. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचते, कडेचे प्रवाळ वर वाढत राहतात आणि अखेर कंकणाकृती बेटे उरतात, अशी मीमांसा चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये मांडली होती. मुंबईची मूळ सात बेटे म्हणजे काळ्या पाषाणाच्या टेकड्या. त्यांमधील उथळ खाड्या भरून आजचे शहर उभे राहिले.

चौथा प्रकार नद्यांचा. प्रवाहाचा वेग मंदावला, की जड रेती आधी तळाशी बसते. तिच्यावर गवत, झुडपे रुजली, की बेट स्थिरावते. मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा भंडारा जिल्ह्यातून पुढे जाऊन वर्धा नदीला मिळते. या संगमातून झालेली प्राणहिता गोदावरीत विलीन होते. गोदावरीच्या मुखाशी आंध्र प्रदेशातील कोनसीमा हा सुपीक प्रदेश अशाच गाळाने घडला. तेथील नदीतील बेटांना 'लंका' म्हणतात. काकीनाड्याजवळचे होप बेट तर गेल्या सुमारे दोनशे वर्षांतच गोदावरीच्या गाळातून तयार झाले.

हा पुरवठा आता आटत आहे. गोदावरी खोऱ्यातील धरणांच्या जलाशयांत गाळ अडतो. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द हे त्यांपैकीच एक. त्यात रेतीच्या उपशाची भर पडते. परिणामी, गाळाअभावी गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही भागांत समुद्र गिळू लागला आहे. वैनगंगेच्या काठावरून उचलल्या जाणाऱ्या रेतीचा हिशेब अखेर बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावरही लागतो.