लाल सोने
सोने पिवळे, ही आपली समजूत दागिन्यांपुरती खरी. त्याचे कण २० नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या ५०,०००व्या भागाएवढे झाले, की पाण्यात ते माणकासारखे लाल दिसतात. एवढ्याशा कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकजुटीने हेलकावे घेतात आणि त्यातला हिरवा भाग शोषून घेतात. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये लंडनमध्ये अशा लाल द्रवांचा अभ्यास मांडला. कण डोळ्यांना दिसण्याची काहीच सोय नसताना, हा रंग सोन्याच्या बारीकपणातून येतो हे त्यांनी ताडले, याचे मला फार अप्रूप वाटते. या द्रवात थोडे मिठाचे पाणी घातले, की कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग डोळ्यांदेखत निळसर होतो. गर्भचाचणीच्या कित्येक पट्ट्यांवर उमटणारी लालसर रेघ याच सोन्याची असते.