पांगाऱ्याखाली थांबा

वसंत म्हणजे नवी पालवी, असं कवितांनी आपल्या मनात भरवून ठेवलंय. फाल्गुनात कर्नाळ्याला गेलात तर आधी भेटतो तो पाचोळा. साग उघडा, सावर उघडी, पांगाऱ्यावर औषधालाही पान नाही. पण पक्षी बघणाऱ्याला याहून बरा हंगाम नाही. श्रावणात याच वाटेवर हिरव्या दाटीतून नुसते आवाज येतात, आवाजाचा धनी काही दिसत नाही. आता तो उघड्या फांदीवर बसलेला असतो.

पनवेलच्या पुढे, मुंबई-गोवा महामार्गाला अगदी खेटून असलेलं हे अभयारण्य १९६८ साली जाहीर झालं. आकार सुमारे १२ चौरस किलोमीटर, म्हणजे वाघा-बिबट्यांच्या हिशेबात जेमतेम परसदार. वर किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका आणि त्याच्या कातळाला लटकलेली आग्या मोहोळं. (किल्ल्यावर जाणार असाल तर अत्तर घरी ठेवा आणि आरडाओरडा खाली रस्त्यावरच उरकून घ्या.) पण पक्ष्यांसाठी सुळक्यापर्यंत चढायची गरज नाही. सकाळी लवकर या, फुललेला एखादा पांगारा शोधा आणि त्याच्यापासून जरा लांब बसा. जंगलभर वणवण करणाऱ्यापेक्षा एका झाडाखाली ठिय्या देणारा जास्त पक्षी बघतो, असं माझं ठाम मत आहे.

पांगाऱ्याचं फूल जवळून बघण्यासारखं आहे. खाली पडलेलं ताजं फूल हातात घ्या. एक मोठी लालभडक पाकळी मागे वळलेली, बाकीच्या पाकळ्या नावापुरत्या, आणि बाहेर झेपावलेला पुंकेसरांचा झुपका. पुष्पकोश एका बाजूने उकललेला असतो आणि त्याच्या तळाशी पातळ मकरंद साचलेला असतो. साळुंकी तुऱ्याच्या दांड्यावर पाय रोवते, मान वाकवून चोच खुपसते, तेव्हा पुंकेसर तिच्या गळ्याला घासतात. गळा परागांनी माखतो. ती पुढच्या झाडावर जाते आणि पांगाऱ्याचं काम होतं. इवलासा शिंजीर मात्र कधीकधी बाजूनेच चोच घालून मकरंद पळवतो आणि परागांना अंगही लागू देत नाही.

रंगाचीही निवड बघा. मधमाशीला जांभळ्याच्या पलीकडचा अतिनील दिसतो, पण आपल्याला भडक वाटणारा लाल तिला नीट दिसत नाही. पक्ष्यांना लालही दिसतो आणि अतिनीलही. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, त्यांच्यात चार प्रकारच्या. आपण ज्या झाडाकडे बघून ‘काय लाल फुललंय’ म्हणतो, ते त्यांना नेमकं कसं दिसत असेल याची कल्पना करायलाही आपल्याकडे डोळे नाहीत.

खरी गंमत आहे ती मकरंदात. आपण चहात घालतो ती साखर म्हणजे सुक्रोज. ती पचवायला आतड्यात एक खास विकर लागतं, आणि साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांकडे ते नसतं. साखरेचं पाणी भरपूर प्यायले तर त्यांना चक्क ढाळ लागतात! आता पांगाऱ्याकडे या. आशिया-आफ्रिकेतल्या पांगाऱ्याच्या जाती साळुंकी, बुलबुल, कोतवाल अशा पक्ष्यांवर अवलंबून असतात. त्यांच्या मकरंदात सुक्रोज अगदी थोडं, मुख्यतः आधीच सुटी झालेली ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. अमेरिकेत पांगाऱ्याचीच भावंडं हमिंगबर्डसाठी फुलतात. हमिंगबर्ड सुक्रोज सहज पचवतो, आणि तिथल्या फुलांत सुक्रोजच भरपूर. कुळ एक, पण पाहुण्याची प्रकृती बघून पाक वेगळा.

पांगाऱ्यावर दंगा चालू असताना एखादी शिक्र्याची शीळ ऐकू आली तर लगेच आभाळाकडे बघू नका, आधी मधल्या फांद्या तपासा. तिथे भृंगराज असण्याची दाट शक्यता. काळाभोर, डोक्यावर तुरा, शेपटीतून निघालेल्या दोन लांब काड्या आणि त्यांच्या टोकांना पिसांचे झुपके, उडताना दोन भुंगे पाठलाग करताहेत असं वाटावं. हा पक्का नकलाकार आहे. सातभाई वगैरे मंडळी पाचोळा उलथत निघाली की हा मागोमाग जातो आणि उठलेले किडे टिपतो. थवा जमलेला नसेल तर? श्रीलंकेतल्या सिंहराजा जंगलात अभ्यासकांनी याच्या आवाजाची ध्वनिमुद्रणं वाजवून बघितली. ज्यांत इतर पक्ष्यांच्या नकला होत्या, त्यांनी इतर पक्षी जास्त ओढले गेले. म्हणजे हा दुसऱ्यांच्या भाषेत हाका मारून स्वतःसाठी पंगत जमवतो.

तांबटाचा ‘टुक टुक टुक’ तोवर अखंड चालू असतो, सेकंदाला साधारण दोन ठोके, आणि तेही चोच मिटून.

पण सह्याद्रीतल्या ओलसर जंगलांत वसंताचा सगळ्यात अचाट उद्योग तांबूस सुताराचा. काही काळ्या मुंग्या झाडावर, चावलेल्या काडीकचऱ्याचा लगदा करून, फुटबॉलएवढं घर बांधतात. जरा धक्का लागला की पोट वर उचलून चावायला धावतात. तांबूस सुतार नेमक्या याच घरात, मुंग्या नांदत असताना, भोक पाडतो आणि आत अंडी घालतो. बरं, त्याचं मुख्य अन्न कोणतं, तर याच मुंग्या! कर्नाळ्यात असा तपकिरी गोळा दिसला आणि त्याला वाटोळं, नीट कोरलेलं भोक असेल, तर दुर्बीण तिथेच लावून ठेवा.

चैत्र सरता सरता काही मंडळी पांगायला लागते. पळसमैनांचे गुलाबी-काळे थवे, जे हिवाळाभर इथे पळस, सावर, पांगारा लुटत होते, ते मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांकडे निघतात. तिथे नाकतोडे आणि टोळ माजायच्या सुमारास, दगडांच्या ढिगाऱ्यांत त्यांची पिल्लं बाहेर पडतात. फुलांच्या रसावर पोसलेला पक्षी पिल्लांना मात्र टोळ भरवतो.

आणि ज्याच्या फोटोंमुळे हल्ली कर्नाळ्याचं नाव गाजतं, तो रंगीबेरंगी तिबोटी खंड्या, रायगडचा जिल्हा पक्षी, तो या दिवसांत शोधत बसू नका. तो पावसाच्या तोंडावर येतो, कारण त्याला ओढ्याकाठच्या दरडीत आडवं बीळ कोरायचं असतं आणि पहिल्या सरींनी माती भिजल्याशिवाय ते काम त्याच्या चोचीला झेपत नाही.