आर्थिक वृद्धी आणि विषमता : दक्षिण कोरिया व ब्राझील यांच्या अनुभवाचा तौलनिक विचार

प्रस्तावना

आर्थिक वृद्धी आणि उत्पन्नातील विषमता यांचा परस्परसंबंध हा विकासाच्या अर्थशास्त्रातील दीर्घकाळ चर्चिला गेलेला प्रश्न आहे. शेतीप्रधान अर्थव्यवस्था औद्योगिक होत असताना विषमता प्रथम वाढते व पुढे कमी होते, असे गृहीतक सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये मांडले. पदवी वर्गात आपण ते उलट्या ‘यू’ आकाराच्या वक्राच्या साहाय्याने शिकवतो आणि विद्यार्थी ते नियम म्हणून पाठ करतात. वस्तुतः आपल्या लेखात अनुभवाधारित माहिती सुमारे पाच टक्केच असून उर्वरित भाग तर्काचा आहे, अशी कबुली स्वतः कुझनेट्स यांनी दिली होती. त्यांची आकडेवारीही प्रामुख्याने अमेरिका, इंग्लंड व जर्मनी या देशांची होती. हे गृहीतक नियम मानले, तर विषमता ही वृद्धीची अपरिहार्य किंमत ठरते आणि वाट पाहणे हेच धोरण होऊन बसते. प्रस्तुत लेखात दोन देशांच्या अनुभवावरून या समजाची तपासणी केली आहे.

दक्षिण कोरिया : वाटप आधी, वृद्धी नंतर

१९६० मध्ये दक्षिण कोरियाचे दरडोई उत्पन्न सुमारे १५० डॉलर होते. देश गरीब होता. परंतु मालमत्तेचे वाटप बरेचसे समान झालेले होते. १९४९ च्या जमीन सुधारणा कायद्याने जमीनधारणेवर सुमारे तीन हेक्टरची मर्यादा घातली. जमीन मिळालेल्या कुळाने वार्षिक उत्पन्नाच्या दीडपट रक्कम पाच वर्षांत फेडावयाची होती. जमीनदारीचा पाया त्यामुळे खचला. प्राथमिक शिक्षणाचा प्रसारही याच दशकात झाला व १९५० च्या दशकाच्या अखेरीस बहुतेक सर्व मुले शाळेत दाखल झाली होती.

१९६२ पासून पंचवार्षिक योजना व निर्यातवाढीचे धोरण सुरू झाले. कापड, प्लायवूड, पादत्राणे यांसारख्या श्रमप्रधान उद्योगांना मोठ्या संख्येने कामगार हवे होते आणि किमान शिक्षण घेतलेले कामगार उपलब्ध होते. परिणामी वृद्धीचा लाभ मजुरीच्या रूपाने सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचला. विषमता मोजणारा गिनी गुणांक पूर्ण समतेच्या स्थितीत शून्य व पूर्ण विषमतेच्या स्थितीत एक असतो. १९७० च्या सुमारास तो कोरियात ०.३३ च्या आसपास होता.

येथे एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. ही जमीन सुधारणा उत्तर कोरियाच्या आव्हानाच्या छायेत झाली, अमेरिकेची मोठी मदत उपलब्ध होती आणि त्यानंतरच्या वृद्धीच्या काळात कामगार संघटनांचे दमन झाले. त्यामुळे या अनुभवाची जशीच्या तशी नक्कल शक्य नाही व इष्टही नाही.

ब्राझील : वृद्धी आधी, वाटप अनिश्चित

ब्राझीलमध्ये सुरुवातीची स्थिती नेमकी उलट होती. गुलामगिरी १८८८ मध्ये संपली, परंतु मोठ्या जमीनमालकीला धक्का लागला नाही. १९६० मध्ये पंधरा वर्षांवरील सुमारे ४० टक्के लोकसंख्या निरक्षर होती आणि निरक्षरांना १९८५ पर्यंत मताधिकारही नव्हता. ज्यांना शाळेची सर्वाधिक गरज होती, त्यांचा आवाज अंदाजपत्रक ठरवणाऱ्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्गच बंद होता.

लष्करी राजवटीत १९६८ ते १९७३ या काळात अर्थव्यवस्था दरवर्षी सरासरी दहा टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली. मात्र १९६० व १९७० च्या जनगणनांच्या दरम्यान गिनी गुणांक सुमारे ०.५० वरून ०.५७ पर्यंत गेला. त्याच्या कारणांविषयी प्रसिद्ध वाद झाला. आल्बर्ट फिशलो यांनी १९६४ नंतर किमान वेतनाचे खरे मूल्य घटवणाऱ्या धोरणाकडे बोट दाखवले. कार्लोस लांगोनी यांनी सुशिक्षित कामगारांच्या टंचाईवर भर दिला. ही दोन्ही कारणे परस्परांना पूरक आहेत. भांडवलप्रधान उद्योगांनी मोजक्या कुशल कामगारांना चांगले वेतन दिले, तर जमीन व शिक्षण नसलेल्यांकडे मजुरी ठरवताना सौदाशक्ती नव्हती.

केवळ कालांतराने ही विषमता घटली नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गिनी गुणांक ०.६० च्या वर होता. २००० नंतरच्या दशकात तो सुमारे ०.५३ पर्यंत खाली आला. शालेय शिक्षणाचा विस्तार, किमान वेतनातील वाढ आणि २००३ मध्ये सुरू झालेली ‘बोल्सा फामिलिया’ ही गरीब कुटुंबांना थेट रोख मदत देणारी योजना, ही त्यामागील प्रमुख कारणे होत.

भारत व महाराष्ट्राच्या संदर्भात

भारतात २०२३-२४ मध्ये सुमारे ४६ टक्के कामगार शेतीवर अवलंबून होते. राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा वाटा मात्र १८ टक्क्यांच्या जवळपास होता. श्रमप्रधान उद्योगांचा टप्पा आपल्याकडे अपुरा राहिल्याचे हे लक्षण आहे. महाराष्ट्रात कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ मानून अनेक कुळांना मालकी मिळाली. परंतु भूमिहीन शेतमजूर त्या लाभाबाहेर राहिला. प्रादेशिक पातळीवर दांडेकर समितीने १९८४ मध्ये सिंचन, रस्ते, शिक्षण इत्यादी क्षेत्रांतील जिल्हानिहाय अनुशेष मोजला. त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी, २०१३ मध्ये, केळकर समितीलाही समतोल प्रादेशिक विकासाच्या प्रश्नावरच अहवाल द्यावा लागला. दरम्यान राज्याचे एकूण उत्पन्न अनेक पटींनी वाढले होते. राज्याच्या सरासरी वृद्धीने जिल्ह्याजिल्ह्यांतील अंतर आपोआप मिटत नाही, हे यावरून दिसते.

निष्कर्ष

बचत, गुंतवणूक व तंत्रज्ञान हे घटक वृद्धीचा वेग ठरवतात. तिचे फळ कोणाला मिळणार हे मात्र जमीन, शिक्षण व श्रमाची मागणी यांवरून ठरते. हे समीकरण कायमचेही नसते. १९९७ च्या आर्थिक अरिष्टानंतर कोरियातही विषमता वाढली आणि आज तेथील वृद्धांमधील दारिद्र्याचे प्रमाण विकसित देशांत सर्वाधिक गणले जाते. म्हणून कुझनेट्स यांचा वक्र वर्गात शिकवताना तो गृहीतक म्हणूनच शिकवावा. वृद्धी सुरू झाली त्या वेळी जमीन कोणाकडे होती, शाळेत कोण जात होते आणि कारखान्याला किती हात हवे होते, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांसमोर त्या वक्राच्या बरोबरीनेच ठेवणे उचित ठरेल.