गठ्ठा, बिल्टी आणि इन्स्टॉलर

सोलापुरातून चादरींचा गठ्ठा ट्रान्सपोर्टला लागतो तेव्हा त्याच्यासोबत बिल्टी जाते. माल कोणाचा, नग किती, जायचा कुठे, हे गठ्ठा न उसवता कळते. सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर पॅकेजही असेच बांधलेले असते. आत फायली, वर बिल्टी आणि माल उतरल्यावर करायच्या कामांची चिठ्ठी. ही बांधणी माउसने बटणे दाबूनही होते, पण रोजचे हेच काम असणारे टर्मिनल उघडून कमांड देतात. कमांड एका फायलीत लिहून ठेवल्या की शंभरावे पॅकेज पहिल्यासारखेच निघते. जॅकार्ड मागावर ओळीने ओवलेले भोकांचे पुठ्ठे प्रत्येक चादरीवर तीच नक्षी उतरवतात, तसेच हे.

समजा, शहरातल्या एखाद्या टायपिंग क्लासमध्ये डेबियन लिनक्सवर चालणारे २० संगणक आहेत आणि त्या सगळ्यांवर मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला ‘मुक्त’ हा देवनागरी फॉन्ट हवा आहे. फॉन्ट खुल्या परवान्याचा आहे, त्यामुळे वाटायला आडकाठी नाही. त्याची वजने सात. म्हणजे हाताने १४० फायली उतरवायच्या, आणि एखाद्या संगणकावर ठळक वजन हमखास राहून जाणार.

पॅकेजसाठी आधी ‘मुक्त-फॉन्ट’ नावाचा एक फोल्डर करतात. पुढे फायली ज्या ठिकाणी बसायच्या, त्या ठिकाणांची हुबेहूब प्रतिकृती त्यात उभारायची : यूएसआर, त्यात शेअर, त्यात फॉन्ट्स. यूएसआरच्या शेजारी मोठ्या लिपीत ‘डेबियन’ नावाचा फोल्डर आणि त्यात ‘कंट्रोल’ ही साधी मजकुराची फाइल. हीच बिल्टी. पॅकेजचे नाव, आवृत्ती, कोणत्या प्रोसेसरसाठी, सांभाळणारा कोण, आणखी कोणती पॅकेजे लागतील आणि थोडक्यात वर्णन, एवढे तिच्यात असते. आवृत्तीच्या रकान्यात नवखे फसतात. तिथला टिंब दशांशाचा नसतो, १.१० ही १.९ च्या नंतरची आवृत्ती.

मग एकच कमांड : ‘डीपीकेजी-डेब --बिल्ड मुक्त-फॉन्ट’. (टर्मिनलवर हे अर्थातच रोमन अक्षरांत.) तिला ‘--रूट-ओनर-ग्रुप’ ही पुस्ती जोडलेली बरी. नाहीतर फायलींवर बांधणाऱ्याचाच वापरकर्ता क्रमांक राहतो, आणि परक्या संगणकावर तो क्रमांक ज्याचा असेल तो त्या फायलींचा मालक होऊन बसतो. तयार होणारी ‘.डेब’ फाइल उघडून पाहिली तर आत तीनच गोष्टी दिसतात : बिल्टीचे पुडके, मालाचे पुडके आणि त्या दोघांच्या आधी अवघ्या चार बाइटांची एक फाइल. तिच्यात ‘२.०’ आणि एक नवी ओळ, बाकी काही नाही. डेबियन हे नाव त्याचे संस्थापक इयान मर्डॉक यांनी १९९३ साली आपल्या आणि डेब्रा या मैत्रिणीच्या नावावरून बेतले. फायलीच्या शेपटीला राहिली ती डेब्राच.

फॉन्ट उतरल्यावर संगणकाची फॉन्टयादी ताजी व्हावी लागते. ‘फॉन्ट्स’ फोल्डरवर ‘फॉन्टकॉन्फिग’ या पॅकेजची नजर असल्याने हे आपोआप होते. इतर सॉफ्टवेअर उतरल्यावर काही काम करायचे असेल, तर मात्र बहुधा ‘पोस्टइन्स्ट’ नावाची स्क्रिप्ट लिहावी लागते.

अनेक पॅकेजे एका गठ्ठ्यात बांधायची तर डेबियनची रीत काटकसरीची आहे. ‘टास्क-मराठी-डेस्कटॉप’ या पॅकेजमध्ये स्वतःचा माल जवळपास नाहीच. मराठीसाठी लागणारी इतर पॅकेजे मागवणारी ती यादी आहे. इंटरनेट चालू असेपर्यंत हे छानच.

विंडोजवर सगळा माल सोबतच बांधून देण्याची चाल आहे. तिथले ‘एमएसआय’ पॅकेज म्हणजे आतून चक्क तक्त्यांचा डेटाबेस. तो बांधणारे ‘विक्स’ हे साधन २००४ साली मायक्रोसॉफ्टने खुल्या परवान्याखाली दिले. सर्दीच्या मलमाशी त्याचा संबंध नाही. नावाच्या इंग्रजी उच्चारातून मेणबत्तीची वात सुचते, म्हणून जुन्या आवृत्तीत ‘कँडल’ने मजकूर संकलित करायचा आणि ‘लाइट’ने जोडायचा. नव्या आवृत्तीत ‘विक्स बिल्ड’ ही एकच कमांड दोन्ही कामे करते. अनेक एमएसआय आणि त्यांना लागणारी पूरक सॉफ्टवेअरे एका ‘.ईएक्सई’मध्ये कोंबणारा भाग ‘बर्न’. सुटे एमएसआय ‘एमएसआयएक्सेक’ या कमांडला ‘/क्यूएन’ जोडून चालवले की एकही खिडकी न उघडता ते बसते; वीस संगणकांपुढे बसून ‘नेक्स्ट’ दाबणे वाचते.

मॅकवर ‘पीकेजीबिल्ड’ सुटे पॅकेज बांधते आणि ‘प्रॉडक्टबिल्ड’ अशी पॅकेजे एकत्र करते. मॅक असो की विंडोज, डिजिटल सही नसलेला गठ्ठा उघडताना वापरणाऱ्यासमोर धोक्याची पाटी येऊ शकते.

बांधून झालेले पॅकेज स्वतःच्या संगणकावर तपासण्यात अर्थ नसतो. तिथे लागणारे सगळे आधीपासून असते, त्यामुळे बिल्टीत राहून गेलेले नाव लक्षात येत नाही. कोऱ्या आभासी संगणकावर ते बसवून पाहतात, मग काढून टाकतात आणि मागे एखादी फाइल उरली का ते बघतात.