प्राथमिक व दुय्यम डीएनएस सर्व्हर

प्राथमिक व दुय्यम डीएनएस सर्व्हर हे एखाद्या डोमेन नावाविषयीची अधिकृत माहिती पुरवणारे सर्व्हर होत. डोमेन नावांचे आयपी पत्त्यांत रूपांतर करणारी डीएनएस प्रणाली पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. तिची आज आधारभूत असलेली मानके, आरएफसी १०३४ व १०३५, नोव्हेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. एक सर्व्हर बंद पडला तरी डोमेन उपलब्ध राहावे, यासाठी किमान दोन सर्व्हर ठेवले जातात.

कार्यपद्धती

डोमेनच्या नोंदींच्या संचाला झोन म्हणतात. झोनमधील बदल प्राथमिक सर्व्हरवर केले जातात व दुय्यम सर्व्हर त्यांची प्रत घेतो. या क्रियेस झोन हस्तांतरण असे नाव आहे. विचारणा करणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सर्व्हरांची उत्तरे सारखीच अधिकृत असतात.

झोनच्या एसओए नोंदीत एक अनुक्रमांक असतो. दुय्यम सर्व्हर ठरावीक काळाने तो तपासतो आणि वाढलेला आढळल्यासच नवी प्रत घेतो. नोंदी बदलूनही अनुक्रमांक न वाढवल्यास दुय्यम सर्व्हर जुनीच माहिती देत राहतो. त्यामुळे काही वापरकर्त्यांना नवे, तर काहींना जुने उत्तर मिळते. हे टाळण्यासाठी २०२४०३१५०१ असा दिनांकावर आधारित अनुक्रमांक देण्याची पद्धत रूढ आहे.

प्राथमिक सर्व्हरशी संपर्क तुटल्यास दुय्यम सर्व्हर एसओए नोंदीतील मुदत संपेपर्यंतच उत्तरे देतो.

उभारणी

* बाइंडसारखी प्रणाली दोन्ही सर्व्हरांवर स्थापित केली जाते. प्राथमिक सर्व्हरवर झोन फाइल ठेवली जाते, तर दुय्यम सर्व्हरला प्राथमिकचा आयपी पत्ता दिला जातो.
* झोन हस्तांतरणाची परवानगी केवळ दुय्यम सर्व्हरला दिली जाते, अन्यथा संपूर्ण झोन कोणालाही उतरवून घेता येतो. टीसिग या सामायिक गुप्त किल्लीवर आधारित पद्धतीने हस्तांतरण अधिक सुरक्षित होते.
* पोर्ट ५३ हे यूडीपी व टीसीपी या दोन्हींसाठी खुले ठेवले जाते. झोन हस्तांतरण टीसीपीवरून होते.
* दोन्ही सर्व्हरांची नावे झोनमधील एनएस नोंदींत आणि डोमेन नोंदणीकाराकडे दिली जातात. ही नावे त्याच डोमेनमधील असल्यास त्यांचे आयपी पत्तेही नोंदणीकाराकडे द्यावे लागतात.
* शेवटी 'डिग' या आज्ञेने दोन्ही सर्व्हरांवरील अनुक्रमांक जुळतात का, हे पाहिले जाते.

स्थाननिवड

दोन्ही सर्व्हर एकाच नेटवर्कवर असल्यास दुय्यम सर्व्हरचा हेतू साध्य होत नाही. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे चारही डीएनएस सर्व्हर एकाच नेटवर्कवर होते. राउटरच्या रचनेतील एका चुकीमुळे ते सर्व एकाच वेळी संपर्काबाहेर गेले आणि कंपनीची प्रमुख संकेतस्थळे सुमारे एक दिवस बहुतेकांना उघडता आली नाहीत. संकेतस्थळांचे सर्व्हर मात्र चालू होते. १९९७ च्या आरएफसी २१८२ मध्ये डीएनएस सर्व्हर भौगोलिकदृष्ट्या व नेटवर्कच्या दृष्टीने परस्परांपासून दूर ठेवण्याची शिफारस आधीच करण्यात आली होती.